जर्मनीत मिळणारं स्वस्त बीफ शिजवूनही कडक राहतं. ते मऊ करायच्या कोणत्या पद्धती आहेत?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत शिकायला आल्यापासून सुपरमार्केटमधलं त्यातल्या त्यात स्वस्त बीफ आणता, घरच्यासारखा रस्सा करता, पण पाऊण तास शिजवूनही फोडी चावल्या जात नाहीत. कुकरला लावलं तर मऊ होतं, पण चोथा लागतो. मग महागाचं फिले, म्हणजे पाठीकडचं सगळ्यात मऊ मांस घ्यावं का, असं विचारलंय.

रश्श्यासाठी फिले मुळीच घेऊ नका. तीन-चार पट पैसे जातील आणि रस्सा मात्र पाणचट होईल. रश्श्याला दाटपणा आणि चव येते ती स्वस्त मांसातूनच. फक्त जनावराच्या कुठल्या भागाचं मांस आणलंय हे आधी बघायला हवं, कारण मांसाचा कडकपणा दोन प्रकारचा असतो आणि दोघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

जे स्नायू दिवसभर राबतात, म्हणजे पाय, मान, खांदा, गाल, शेपटी, त्यांत कोलॅजेन भरपूर असतं. पांढरट पडदे आणि चिवट पट्ट्या दिसतात ते हेच. कच्चं असताना याच्याइतकं चिवट काही नाही, पण पाण्यात किंवा रश्श्यात मंद आचेवर तासन् तास ठेवलं की कोलॅजेन विरघळून त्याचं जेलीसारखं जिलेटिन होतं आणि मांस बोटानं तुटतं. दुसरा प्रकार मागच्या मांडीचा. जर्मन दुकानात त्यावर उंटरशाले, ओबरशाले, श्वान्त्सरोले अशी नावं असतात. दिसायला लाल, स्वच्छ, चरबीचा पत्ता नाही, म्हणून आपला हात तिकडेच जातो. त्यात कोलॅजेन कमी आणि चरबीही कमी. तासन् तास शिजवलं तर विरघळायला आत फारसं काही नसतं, नुसतं पाणी पिळून निघतं. तुमचा चोथा बहुतेक इथूनच येतोय. रश्श्यात बुडलेलं मांससुद्धा आतून कोरडं पडू शकतं.

‘गुलाश’ म्हणून जी कापलेल्या फोडींची पाकिटं मिळतात, त्यांत बरेचदा असंच मांडीचं मांस असतं, कधी दोन-तीन भागांची सरमिसळ असते. एक फोड शिजते, दुसरी राहते. ती पाकिटं सोडून द्या. मांसाच्या काउंटरवर जाऊन बाइनशायबे मागा. पायाचा आडवा कापलेला तुकडा, मध्ये नळी, नळीत मगज. किंवा बिनहाडाचं हवं असेल तर रिंडरवाडे, म्हणजे पोटरीचं मांस. शहरात तुर्की कसाई असेल तर आणखी चांगलं. ते हवं तसं कापून देतात, आणि पायाचं, मानेचं, जिभेचं मांस तिथे हमखास मिळतं.

आता पाऊण तासाचं गणित. साधारण साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान मांसाचे तंतू आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. कोलॅजेन मात्र सत्तरच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं, ऐंशी-नव्वदला त्याला वेग येतो, आणि तरीही वेळ लागतोच. म्हणजे चुलीवर चढवल्यापासून तासाभरात मांस कच्च्यापेक्षाही कडक झालेलं असतं. नेमकं तेव्हाच आपण फोड चावून बघतो आणि ‘हे काही शिजत नाही’ म्हणून गॅस बंद करतो. बाइनशायबेला मंद आचेवर अडीच ते तीन तास द्या. रस्सा खळखळ उकळू देऊ नका, कडेला एखादा बुडबुडा फुटत राहिला की पुरे. फोडी मोठ्या ठेवा, चार सेंटिमीटरच्या तरी. मटणाच्या मापाच्या छोट्या फोडी सुकतात. मीठ सुरुवातीलाच घाला. आधी घातल्यानं मांस कडक होतं हे खरं नाही, उलट आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवलं तर ते आतपर्यंत मुरतं.

कुकर असेल तर वेळ खूप वाचतो. एक बार दाबाला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तीन तासांचं काम पन्नास मिनिटांत होतं. पण शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. इथल्या श्नेलकोखटॉप्फला, म्हणजे जर्मन कुकरला, शिट्टी नसते, दांडीवर रेघा वर येतात. दुसरी रेघ दिसली की वेळ धरायची. वाफ आपोआप जाऊ द्या. झटकन सोडली तर आतला रस जोरानं उकळतो आणि मांसातलं पाणी त्याच्याबरोबर जातं. एवढ्या वेळानं फोड तुटत नसेल तर ती जास्त शिजलेली नाही, कमी शिजलीय. आणखी दहा मिनिटं लावा.

आमच्या वसईकडे ख्रिस्ती घरांत बीफ पूर्वापार शिजतं. बॉटल मसाल्यात (बाटलीत भरून ठेवतात तो तिथला मिश्र मसाला) केलेलं, दुधीच्या फोडी घातलेलं लोणवस नावाचं कालवण मला तिथलंच आठवतं. तुमच्याकडे बॉटल मसाला नसेल तर कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसालाही चालतो. दुधी, बटाटा मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत. मांसाबरोबर टाकला तर पीठ होतं. आणि सुट्टीत गावी जाऊन हेच कराल तेव्हा वेळ वाढवा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांसही बंद आहे, बाजारात बीफ म्हणून येतं ते म्हशी-रेड्याचं. त्यात चरबी कमी, आणि जनावर बहुतेकदा वयस्कर असतं. वय वाढेल तसे कोलॅजेनचे दुवे पक्के होतात आणि सुटायला जास्त वेळ घेतात. जर्मनीत पाकिटावर ‘युंगबुल्ले’ लिहिलेलं असतं, तो दोन वर्षांच्या आतला जवान बैल, म्हणून इथलं मांस त्या मानानं लवकर शिजतं.

इथे राहता आहात तर गुलाश नक्की शिका, पण पाकिटातल्या फोडींचं नाही, व्हिएन्नाच्या पद्धतीचं. हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा आहे. एक किलो पोटरीचं मांस असेल तर कांदाही जवळजवळ किलोभर. कांदा तुपात किंवा तेलात चांगला सोनेरी होईपर्यंत, अर्धा तास तरी, धीरानं परतायचा. मग भांडं आचेवरून उतरवून तीन-चार मोठे चमचे गोडी पाप्रिका पूड घालायची आणि लगेच व्हिनेगर व पाण्याचा शिडकावा द्यायचा. ही पूड क्षणात करपते आणि कडू होते, म्हणून घाई इथेच करायची. त्यावर शहाजिऱ्याच्या जातीचं क्युमेल, सुकं मार्जोराम, थोडी टोमॅटो पेस्ट, लसूण, मीठ आणि मांस. मांस आधी परतायचं नाही, पीठ लावायचं नाही. पाणी मांस जेमतेम बुडेल एवढंच. तीन तासांनी कांदा दिसेनासा होतो आणि रस्सा आपोआप दाट, लाल, चकचकीत होतो. भाताबरोबर तर छानच लागतो.

मांस आधी परतावं की नाही यावर बराच वाद चालतो, म्हणून थोडं सांगतो. परतल्यानं मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत राहतो, ही समजूत रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे जगभर गेली. गीसनला त्यांची प्रयोगशाळा होती, आणि १८४७ साली त्यांनी अन्नाच्या रसायनावर पुस्तक लिहिलं. शेतीच्या रसायनशास्त्रात त्यांचं काम फार मोठं आहे, पण ही समजूत पुढे चुकीची ठरली. कढईत परतताना जो चर्र आवाज येतो तो मांसातून बाहेर येणाऱ्या पाण्याचाच. परतायचं ते चवीसाठी, तपकिरी झालेल्या पृष्ठभागाचा खमंगपणा रश्श्यात उतरावा म्हणून. आपल्या रश्श्यात भाजलेलं खोबरं-कांदा ते काम करतच असतात. परतायचंच असेल तर दोन-तीन मोठे तुकडे दोन बाजूंनी परता, बाकीचे तसेच टाका. सगळ्या फोडी गर्दी करून परतल्यात तर कढई थंड पडते आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं.

मग मांडीच्या मांसाचं काय करायचं? ते वाईट नसतं, पण त्याला वेळेपेक्षा सुरी जास्त उपयोगी पडते. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडं घट्ट करा आणि तंतू ज्या दिशेनं धावतात त्याला काटकोनात, अगदी पातळ कापा. तंतू आखूड झाले की दातांना करण्यासारखं काही उरत नाही. अर्ध्या किलोला पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवून चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी नीट धुऊन, टिपून कोरडं करा. चिनी स्वयंपाकात ही युक्ती सर्रास वापरतात. सोड्यानं प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत. मग कडकडीत तापलेल्या कढईत थोडं थोडं टाकून दोन मिनिटांत काढा, आणि कांदा, हिरवी मिरची, व्हिनेगर घालून गोव्याकडच्या चिली फ्रायसारखं करा. पावात भरून डब्याला नेता येतं.

याच मांसाचे पातळ मोठे काप ‘रुलाडन’ म्हणून तयार मिळतात. जर्मन घरांत त्यावर मोहरीची पेस्ट लावून, कांदा, बेकन आणि काकडीचं लोणचं ठेवून गुंडाळी करतात आणि दीड-दोन तास रश्श्यात शिजवतात. बेकन नको असेल तर आत हिरवी चटणी आणि उकडलेलं अंडं भरा, मी तसंच करतो. आणि काहीच जमत नसेल तर कसायाकडून खिमा करून घ्या. यंत्रानं तंतू कापले गेले की कडकपणाचा प्रश्नच उरत नाही. गोव्याचे क्रोकेत खिम्याचेच असतात.

आंबट आणि पपई यांच्याबद्दल दोन शब्द. कच्च्या पपईतलं पपेन खरंच प्रथिनं तोडतं, पण जिथे पोचतं तिथेच, म्हणजे वरच्या काही मिलिमीटरांत. कबाबासाठी, पातळ कापांसाठी उत्तम. जाड फोडीला रात्रभर लावून ठेवलं तर बाहेर लगदा आणि आत जैसे थे. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा वाटण आणि तास-दोन तास पुरतात. अननसही तेच करतो, पण ताजा. डब्यातल्या अननसाचं द्रव्य उष्णतेनं गेलेलं असतं. व्हिनेगर आत फार हळू शिरतं, म्हणूनच जर्मन झाउअरब्राटनसाठी अख्खा तुकडा व्हिनेगर, वाइन, कांदा, लवंग, तमालपत्रात चार-पाच दिवस, कधी आठवडाभर ठेवतात. ऱ्हाइनलँडमध्ये त्याच्या रश्श्यात मनुका आणि मसालेदार केकचा चुरा घालतात. आपली आंबट-गोड आमटी आवडत असेल तर हा रस्सा तुम्हाला आवडेल. तुम्ही दह्यात दोन तास मुरवून तीन तासांचं शिजवणं टाळायला बघत असाल तर ते मात्र होणार नाही.

कडक मांसाला वेळ देणं हे आपल्याकडे अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मुंबईत मोहम्मद अली रोड परिसरात मिळणारी नळी निहारी पायाच्या मांसाचीच, रात्रभर मंद आचेवर ठेवलेली. मोहरमला कोकणी मुसलमान घरांत खिचडा होतो, त्यात गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवून घोटतात, इतकं की मांसाचे धागे धान्यात मिसळून जातात. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवत. त्या चान्या नंतर निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत घालून खात. गरिबीनं आणि जातीनं वाट्याला आलेलं मांस त्या बायकांनी वाया जाऊ दिलं नाही. ते कसब पाककृतींच्या पुस्तकांत फार उशिरा आलं याची मला खंत वाटते.

खिचडा तर तुमच्या कुकरमध्येही होईल. दलिया, चणाडाळ, मसूर, आणि आदल्या दिवशीचं शिजलेलं बाइनशायबे सोडवून घाला. रविवारी एकदा केलं की निम्मा आठवडा निघतो.

रविवारी करायला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. हे सगळे रस्से दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. मांस रश्श्यातच थंड झालं की थोडा रस परत शोषून घेतं, वर चरबीची साय धरते ती चमच्यानं उचलता येते. फक्त मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन पसरट भांड्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. सकाळी रस्सा जेलीसारखा थरथरला तर समजा कोलॅजेन उतरलंय. गरम करताना पाणी घालू नका, आचेवर ती जेली आपोआप वितळते.

पहिल्यांदा करणार असाल तर किलोभर बाइनशायबे आणि कुकर यांच्यापासून सुरुवात करा. नळीतला मगज रश्श्यात विरघळून जाऊ देऊ नका. वाढायच्या आधी काढून, गरम पावावर मीठ भुरभुरून खा.