‘यजमान पेशी’ आणि ‘परस्परक्रिया’

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या एक शिक्षिका गावच्या वाचनालयात माकडतापावर, म्हणजे गोचिडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूच्या तापावर, बोलणार आहेत. त्यांच्या टिपणात ‘विषाणू यजमान पेशीतील प्रथिनांशी परस्परक्रिया करून रोग निर्माण करतात’ असे वाक्य आहे. ‘यजमान पेशी’ म्हणजे विषाणू जिच्यात शिरून वाढतो ती पेशी, इंग्रजीतील ‘होस्ट सेल’. ते वाचून घरच्यांना हसू आले, कारण आपल्याकडे बायका नवऱ्याला ‘आमचे यजमान’ म्हणतात. तेव्हा ‘यजमान’ ठेवावा, की पोशिंदा किंवा आश्रयी यांपैकी एखादा शब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते ‘यजमान’ ठेवावा. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर ‘यजमान संघ’ रोज छापून येतो आणि तिथे कोणाला नवरा आठवत नाही. सोबतचा शब्द अर्थ ठरवतो. ‘आश्रयी’ म्हणजे खरे तर आश्रय घेणारा, त्यामुळे तो शब्द उलटाच पडतो. ‘पोशिंदा’ हा सुंदर शब्द आहे आणि गोचीड ज्या गुराचे रक्त पिते त्या गुराला तो शोभतो, कारण तिथे खरोखर पोषण होते. विषाणू मात्र काही खात नाही आणि त्याला स्वतःचा चयापचयही नाही. त्याला हवी असते ती पेशीची सामग्री आणि कारागिरी. हिंदी पुस्तकांतला ‘परपोषी’ तर मुळीच उचलू नये. मराठीत तो दुसऱ्यावर पोसणाऱ्याला म्हणतात.

गणेशचवथीच्या दिवशी भटजी काखेत पोथी घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तेव्हा समई, तांब्या, नारळ, विड्याची पाने, गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची माटोळी, सगळे यजमानांच्या घरचे असते. विषाणूचेही तसेच आहे. तो आणतो ती जवळजवळ नुसती पोथी, म्हणजे जनुकीय मजकूर. तो वाचून प्रथिने घडवणारे रायबोसोम, लागणारी अमिनो आम्ले आणि ऊर्जा ही पेशीची. साम्य इथवरच आहे. संस्कृतात ऋत्विज, म्हणजे यज्ञाचा पुरोहित, दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’ आणि ज्याला फळ मिळायचे तो ‘यजते’. ‘यजमान’ हे रूप या दुसऱ्या, आत्मनेपदी क्रियापदाचे. यजमान म्हणजे फळ स्वतःकडे यावे म्हणून यज्ञ करवणारा. पेशीच्या बाबतीत खर्च तिचा आणि फळ विषाणूचे, आणि करवणाराही पाहुणाच. मराठीत यजमानाचा अर्थ फार पूर्वीच ‘घरचा धनी’ असा सैल झाला आहे, म्हणून वापरायला अडचण नाही. पण बोलताना हा फरक सांगितला तर विषय चटकन समजेल.

मला वाक्यात खटकतो तो दुसराच शब्द, ‘परस्परक्रिया’. त्यातून दोन्ही बाजू सारखाच व्यवहार करीत असल्याचा भास होतो आणि नेमके कोण काय करतो हे झाकले जाते. कोविडच्या विषाणूचे काट्यासारखे प्रथिन पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटते; त्या प्रथिनाचे नेहमीचे काम रक्तदाबाशी संबंधित एका रेणूला छाटण्याचे, दार उघडण्याचे नव्हे. पोलिओचा विषाणू पेशीच्या प्रथिननिर्मितीला लागणारे एक प्रथिन आपल्याच विकराने (एन्झाइमने) कापतो, त्यामुळे पेशीचे स्वतःचे निरोप वाचले जाणे थांबते आणि विषाणूचा मजकूर मात्र वाचला जातो. चिकटणे, कापणे ही साधी क्रियापदे आपल्याजवळ असताना ‘परस्परक्रिया’ कशाला?

माकडतापाच्या विषाणूच्याच कुळातील डेंगीचे उदाहरण टिपणात जरूर घ्यावे. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन नावाची इशाऱ्याची प्रथिने सोडून शेजारणींना सावध करते. शेजारच्या पेशीत ती सूचना केंद्रकापर्यंत नेऊन बचावाची जनुके जागी करणाऱ्या प्रथिनांत स्टॅट-२ हे एक आहे. डेंगीच्या विषाणूचे एनएस-५ हे प्रथिन स्टॅट-२ला स्वतः तोडत नाही. ते एका हाताने स्टॅट-२ आणि दुसऱ्या हाताने पेशीचेच यूबीआर-४ हे प्रथिन धरते, आणि मग नको असलेली प्रथिने मोडण्याची पेशीची जी नेहमीची यंत्रणा आहे तीच हा निरोप्या मोडून टाकते. या घटनेसाठी मराठीत तयार रूप आहे: प्रयोजक क्रियापद, म्हणजे काम दुसऱ्याकडून करवून घेणे दाखवणारे. पोलिओचा विषाणू ‘कापतो’, डेंगीचा ‘मोडवतो’. एका ‘व’ने केवढा फरक स्पष्ट होतो! गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एचपीव्ही हा विषाणूसुद्धा पेशीच्याच हातून पी-५३ हे राखणदार प्रथिन असेच नष्ट करवतो.

एक जोड. सत्तरीत २०१५ पासून माकडताप माहीत झाला आहे, तेव्हा श्रोते गोचिडीलाही यजमान म्हणू लागतील. तिला ‘वाहक’ म्हणावे, आणि पेशीपासून वेगळे कळावे म्हणून माकडाला ‘यजमान प्राणी’.

वाक्य मी असे लिहीन: ‘विषाणू यजमान पेशीच्या प्रथिनांना चिकटून आत शिरतो, तिच्याच सामग्रीतून आपल्या प्रती घडवून घेतो, आणि तिच्या बचावाची प्रथिने कधी स्वतः कापतो तर कधी तिच्याकडूनच मोडवतो; यातून पेशीचे काम बिघडते आणि रोग होतो.’