निर्जल कार्बामाझेपिनच्या सुया : दाणा बदलतो की द्रावण?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : खानापूरहून रोज बेळगावला येऊन एम.फार्म.चा प्रकल्प करताना आपण निर्जल कार्बामाझेपिनची (अपस्मारावरील औषधाच्या पाणीरहित रूपाची) पूड रात्रभर पाण्यात ढवळत ठेवली आणि सकाळी तिच्या जागी लांब, बारीक सुया आढळल्या. तेव्हा दाण्याच्या आतच रेणूंनी जागा बदलल्या का, आणि त्याच भांड्यात दुसऱ्यांदा केलेला प्रयोग तासाभरातच का संपला?

आतल्या आत जागा बदलल्या नाहीत. जुना दाणा विरघळला आणि द्विजलीय रूपाचा, म्हणजे डायहायड्रेटचा, नवा स्फटिक द्रावणातून वाढला. पाण्यात निर्जल रूपाची द्राव्यता डायहायड्रेटपेक्षा अधिक असते, त्यामुळे निर्जल पुडीने संपृक्त झालेले द्रावण डायहायड्रेटच्या दृष्टीने आधीच अतिसंपृक्त असते, म्हणजे मावेल त्याहून अधिक औषध त्यात असते. द्रावणातून सुया जेवढे औषध उचलतात तेवढे भरून काढण्यासाठी जुनी पूड विरघळत राहते, आणि ती संपेपर्यंत हा व्यवहार चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फसगत होऊ शकते, कारण डायहायड्रेटचे पहिले केंद्रक, म्हणजे स्फटिकाची सुरुवात करणारे सूक्ष्म कण, पुष्कळदा जुन्या दाण्याच्या पृष्ठभागावरच धरतात आणि दाण्यातूनच सुया फुटल्यासारखे दिसते. मीही सुरुवातीला तसेच समजत होतो.

हीच क्रिया आपल्या भागात गणेशोत्सवाआधी घमेल्यांतून पाहायला मिळते. जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचे द्विजलीय रूप) तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. साध्या तापमानाला ते लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम विरघळते, तर जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम. पाणी घालताच पूड विरघळू लागते, द्रावण जिप्समसाठी अतिसंपृक्त होते आणि त्यातून वाढलेल्या सुया एकमेकींत गुंतून मूर्तीला बळकटी येते. हे स्पष्टीकरण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८० च्या दशकात मांडले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच घमेल्यात आहे. न धुतलेल्या घमेल्यात कालवलेले प्लास्टर लवकर घट्ट होते, कारण भांड्याला चिकटलेले जुने जिप्सम बीज म्हणून काम करते आणि केंद्रक तयार होण्यात जाणारा वेळ वाचतो. आपल्या भांड्यात, आणि विशेषतः ढवळण्याच्या चुंबकावरील ओरखड्यांत, आदल्या दिवशीच्या डायहायड्रेटचे कण राहिले असावेत असे मला वाटते. नवे भांडे व नवा चुंबक घेऊन एकदा, आणि त्याच अवस्थेत चिमूटभर डायहायड्रेट मुद्दाम घालून एकदा, असा प्रयोग करावा. दोन्हींच्या वेळांत मोठा फरक दिसला तर शंका उरणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ घन पदार्थ तपासू नये, द्रावणाची संहतीही, म्हणजे त्यात विरघळलेल्या औषधाचे प्रमाणही, मोजावी. ठरावीक वेळाने नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ताबडतोब गाळावा, सौम्य करावा आणि २८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजावे. आलेखात संहती आधी चढते, मग बराच काळ एका पातळीवर टिकते आणि निर्जल पूड संपत आली की डायहायड्रेटच्या द्राव्यतेपर्यंत उतरते. मधली सपाट पातळी कोठे आहे यावर सगळे लक्ष द्यावे, कारण कार्ड्यू आणि डेव्ही या संशोधकांनी १९८५ मध्ये गणिताने दाखवल्याप्रमाणे तीच वेग ठरवणारा टप्पा सांगते. ती निर्जल रूपाच्या द्राव्यतेजवळ असेल तर सुयांची वाढ मंद आहे. डायहायड्रेटच्या द्राव्यतेजवळ असेल तर जुन्या पुडीचे विरघळणे मंद आहे. पहिल्या स्थितीत बीज वाढवल्याने काम लवकर होईल, दुसऱ्या स्थितीत पूड अधिक बारीक करावी लागेल. हे न पाहता केवळ ढवळण्याचा वेग वाढवत राहिल्याने काही हाती लागत नाही.

सुया गाळल्यावर गरम ओव्हनमध्ये वाळवू नयेत. डायहायड्रेटमधील पाणी उष्णतेने निघून जाते, आणि मग क्ष-किरण तपासणीत निर्जल रूप दिसून रूपांतर झालेच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शुद्ध डायहायड्रेट असेल तर तापवताना वजनात सुमारे १३.२ टक्के घट यायला हवी. ती बरीच कमी आली तर नमुन्यात जुनी पूड शिल्लक आहे किंवा पाणी आधीच उडाले आहे.

तापमानाबाबत आपण काही लिहिलेले नाही. तापमान वाढले की दोन द्राव्यतांचे गुणोत्तर कमी होत जाते, म्हणून रूपांतराची ओढही घटते. मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरातल्या बेळगावच्या रात्री घेतलेली निरीक्षणे एकाच तक्त्यात मांडता येणार नाहीत. पाण्याच्या आवरणाचे भांडे घेऊन २५ अंश सेल्सिअस कायम राखावे, आणि रात्री वीज गेल्याने ढवळणे थांबले असेल तर तो प्रयोग बाद धरून पुन्हा करावा.