आईचं वजन, गुडघे अन शुगर: आधी ते रात्री उपाशी राहणं बंद करा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 64 वर्षांच्या, उंची पाच फूट, वजन 84, शुगर नऊ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, दोन्ही गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, फिरा. फिरणं होत नाही म्हणून त्यांनी महिन्याभरापासून रात्रीचं जेवण सोडलं, दीड किलो उतरलं, पण सकाळी उठल्यावर चक्कर येऊन राहिली अन हातपाय गळून जातात. व्यायाम कोणता करावा असं तुम्ही विचारलं. व्यायामाचं सांगतोच, पण त्याच्या आधी आज संध्याकाळी त्यांना जेवायला बसवा. पोटभर नको, पण जेवण पाहिजे.

हे मी एवढ्या ठासून का सांगून राहिलो, तर माझ्यावर बेतलं होतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा, 31 वर्षं लाईनमन म्हणून खांबावर काढली, आता 68 चालू आहे. शुगर, बीपी दोन्ही आहे, डावा गुडघा घासलेला. 2018 मध्ये माझं वजन 94 होतं अन मी असंच मनानं ठरवलं की आता एकवेळच जेवायचं, सकाळी नुसता चहा. गोळ्या मात्र चालूच, त्यात शुगरची ग्लिमेपिराइडवाली गोळी होती. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलो, अकरा-साडेअकरा झाले असतील, थंडीचे दिवस अन मला दरदरून घाम सुटला. मोटर बंद करायला स्टार्टरच्या पेटीसमोर उभा राहिलो तर हिरवं बटण दाबायचं की लाल, हेच समजेना. ज्यानं आख्खी हयात वायरीत घातली त्याला बटण ओळखू येत नव्हतं. बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाया कामाला होत्या, त्यातली एक धावत आली, "भाऊ, तुमचं तोंड असं पांढरंफट कायनं पडलं? बसा बरं खाली" म्हणाली अन तिनं आपल्या शिदोरीतला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला, वरून पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी डोकं ठिकाणावर आलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ती गोळी पोटात काही असो नसो, शुगर खालीच ओढते, जेवण सोडलं अन गोळी चालू ठेवली तर हे होणारच होतं.

म्हणून उद्याच्या उद्या आईच्या गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा अन स्पष्ट विचारा की यातली कोणती गोळी शुगर एकदम पाडू शकते, जेवण कमी केलं तर तिचा डोस काय ठेवायचा. इन्शुलिन असेल तर हे आणखीनच महत्त्वाचं. चक्कर येते तेव्हा घरच्या मशीनवर बोटाची शुगर पाहा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा, अन मग काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ गाडी करून दवाखाना गाठा. शुगर बरोबर निघाली तर बीपी पाहा, एकदा बसून अन एकदा उभं राहून, कारण खाणं कमी झालं, वजन उतरलं की जुना बीपीचा डोसही कधी कधी जास्त होतो. मशीन नसेल तर गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, बीपी-शुगर फुकट पाहून देतात.

आता वजनाचं. उपाशी राहून माझं वजन चार महिन्यांत 94 चं 83 झालं, लोक म्हणत वा वा. पण मांड्या सुकल्या होत्या. पंगतीत खाली बसलो की उठायला दोन जण लागायचे, अन जेवण सुरू केल्यावर आठ महिन्यांत वजन परत 93, ते सगळं पोटावर. साठीनंतर नुसतं खाणं तोडलं की चरबीसोबत स्नायूही जातो, अन परत येताना चरबी येते, स्नायू आपोआप येत नाही. गुडघा तर मांडीच्या स्नायूवर उभा आहे. मांडी सुकली की सगळा भार सांध्यावर. म्हणून आईचं वजन उतरवायचं ते मांडीची ताकद राखून, मग हळू उतरलं तरी चालेल.

किती उतरवायचं तर 84 चं 60 करायचं हे डोक्यातून काढा. आधी फक्त 4 किलो, सहा महिन्यांत. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, म्हणजे 4 किलोत 16 किलोचं ओझं उतरलं. शुगर-बीपीलाही एवढ्यात फरक दिसायला लागतो. मी दुसऱ्या वेळी 93 वरून 80 वर यायला अडीच वर्षं घेतली, अन ते आजवर टिकून आहे.

खाण्यात आपल्याकडे गडबड कुठे होते ते सांगतो. पहिली चहात. मी सहा कप प्यायचो, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला 60 ग्रॅम साखर नुसती चहातून. कुणाच्या घरी गेलं की चहा, कुणी आलं की चहा, नाही म्हटलं तर माणसाला वाईट वाटते. मी सरळ सांगायला लागलो, बिनसाखरेचा द्या, अर्धा द्या. दोन महिने लोकांनी आग्रह केला, मग त्यांनाच सवय झाली. दुसरी तेलात. तर्री वरून घेणं बंद करा, अन घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल असा हिशोब धरून पिपा वेगळा काढून ठेवा, महिन्याच्या आत संपला की कुठे जास्त जाते ते कळतेच. तिसरी तेरवी, साक्षगंध, भागवत सप्ताहाचा महाप्रसाद. हे टाळता येत नाही अन टाळूही नये, म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत बसायला पाहिजे. मी घरून वाटीभर उसळ अन काकडी खाऊन जातो, पानात बुंदी एक चमचा घेतो, भात एकदाच घेतो, अन वाढणारा दुसऱ्यांदा आला की पानावर हात आडवा धरतो.

भाकरीबद्दल एक गैरसमज लय आहे. ज्वारी शुगरवाल्यांना चांगली म्हणून लोक चार-चार भाकरी हाणतात. ज्वारी मैद्यापेक्षा, पांढऱ्या भातापेक्षा बरी, त्यात फायबर आहे, पण शुगर तिच्यानंही वाढतेच. आईला एका वेळी एक मध्यम भाकर, भात खायचाच असेल तर भाकर अर्धी. पोट भरायचं ते भाजी-डाळीनं. अन आपली डाळ कशी, तर पाणी जास्त अन फोडणी झणझणीत. वरण घट्ट करा, माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ पडली तर त्यातून 6-7 ग्रॅम प्रोटीन मिळते. आईला दिवसाला साधारण 55 ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे. सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन उकडलेली अंडी (खात असतील तर), दुपारी घट्ट वरण अन वाटीभर दही, चारच्या चहासोबत तोसाऐवजी मूठभर फुटाणे, रात्री बरबटी (चवळी) नाहीतर मटकीची उसळ, किंवा कमी तेलातलं चून (बेसनाचं पिठलं) अन अर्धी भाकर. पण याआधी किडनीची, म्हणजे क्रिएटिनीनची तपासणी करून घ्या, किडनीला त्रास असेल तर प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

एका गोष्टीची मला मनापासून खंत वाटते. आपण एकरच्या एकर सोयाबीन पेरतो अन दाणा न दाणा विकून टाकतो, घरात खात कुणीच नाही. त्यात 36 टक्क्यांच्या वर प्रोटीन आहे, तुरीत 22. आमच्या घरी आता नऊ किलो ज्वारीत किंवा गव्हात एक किलो सोयाबीन घालून दळतो. कच्चं दळायचं नाही, पचत नाही ते, आधी 20-25 मिनिटं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून मग गिरणीत. चवीला फरक कळत नाही. आई थायरॉइडची गोळी घेत असतील तर गोळी अन सोयाबीन यात काही तासांचं अंतर ठेवा.

मीठ, लोणचं, पापड, कुरड्या, हे बीपीवाल्याच्या पानात रोज नको. संत्री आपल्या भागातली आहेत, एक संत्रं फोडी करून खाल्लं तर चालते, रस काढून ग्लासभर नको, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात अन चोथा फेकून देतो आपण.

आता व्यायाम. वर्ध्याला फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला जे शिकवलं तेच सांगतो. खाटेवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, मांडी ताठ झालेली हातानं चाचपून पाहायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. यात सांधा जवळपास वाकतच नाही म्हणून दुखणारा माणूसही करू शकतो. दाबताना श्वास रोखायचा नाही, बीपी चढते. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पक्की, प्लास्टिकची घसरणारी नको. जमिनीवर बसून उठायचा अट्टहास काही महिने बंद, जेवण टेबल-खुर्चीवर, संडासातही वरती बसायची खुर्ची ठेवा.

सायकलचं पण सांगतो. माझी जुनी काळी सायकल डबल स्टॅंडवर लावून भिंतीजवळ उभी केली, भिंतीला एक हात धरून पाच मिनिटं पायडल मारायचो, मग दहा, आता वीस मारतो. गुडघ्यावर वजन पडत नाही अन मांडी चालते. आईला सायकलवर चढणं जमणार नाही तर खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणं तेवढंच चांगलं. चालायचं तेही अर्धा तास एकदम नको, जेवणानंतर अंगणातल्या अंगणात दहा मिनिटं, तीन वेळा. जेवणानंतरची शुगर यानं खाली राहते. व्यायामात थोडं दुखणं चालते, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत सूज राहिली तर तो जास्त झाला, निम्मा करा. अन छातीत दाटलं, दम लागला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबून दवाखाना. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या वर जाते, तेव्हा सगळं सकाळी सातच्या आत, अन लघवीची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते विचारून घ्या.

पायाची काळजी घ्या हो, हे कुणी सांगत नाही. शुगरवाल्याच्या तळव्याची जाणीव कमी होते. माझ्या मोठ्या वहिनी मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा करून आल्या, भाजलं ते कळलंच नाही, रात्री पाय धुताना सुनेला फोड दिसला अन ती जखम भरायला साडेतीन महिने लागले. तेव्हापासून आमच्या घरी रोज रात्री उजेडात तळवे अन बोटांच्या फटी पाहायचा नेम आहे. आईला अनवाणी फिरू देऊ नका, अंगणात पण नाही.

अन गुडघ्यासाठी मेडिकलमधून न विचारता आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, बीपी अन किडनी दोन्ही बिघडवते ती. बाजारात पुडीतलं सांधेदुखीचं औषध विकतात, खाल्ल्या खाल्ल्या आराम पडला तर जास्तच संशय घ्या, त्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असते अन शुगर आभाळाला जाते.

काटा रोज पाहू नका, आईचं मन खट्टू होईल. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. त्याच्यापेक्षा एक करा. तुम्ही बाजूला उभे राहा, खुर्ची पक्की, आईचे दोन्ही हात छातीवर, अन मोबाईलवर 30 सेकंद लावून त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाला 12 तरी व्हायला पाहिजेत. हातांचा आधार घ्यावा लागला तर शून्य लिहा, घाबरू नका, माझंही पहिल्या दिवशी शून्यच होतं. पण हे चक्कर थांबल्यावरच, आत्ता नाही. तो आकडा कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा, दीड महिन्यानं परत मोजा, अन मला कळवा.