वाचकांचे प्रश्न: घरशाळेची चार खोकी

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तीन वर्षं घरीच शिकवते. कर्वेनगरच्या दोन खोल्यांत वह्या, वर्कशीट आणि थेरपीच्या फायलींनी चार खोकी भरली आहेत. टाकायला हात धजत नाही, आणि हवा तो कागद वेळेवर सापडत नाही. काय ठेवू?

उत्तर: जे कागद पुन्हा मिळवणं अवघड, ते आधी वेगळे काढा. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, पहिल्या निदानाचा अहवाल, आणि बिने-कामत (बुद्ध्यांकाची चाचणी), व्हीएसएमएस (रोजच्या व्यवहारातली सामाजिक प्रगती मोजणारी), आयएसएए (ऑटिझमचं प्रमाण मोजणारी) अशा प्रत्येक चाचणीचा पूर्ण अहवाल. नुसता ‘बुद्ध्यांक अमुक’ लिहिलेला कागद पुरत नाही. चाचणीचं नाव, तारीख, तपशीलवार गुण आणि तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक त्यावर हवा. दोन वर्षांनी दुसऱ्या चाचणीचा वेगळा आकडा आला, तर मूल मागे पडलं की मोजपट्टीच बदलली, हे त्यावरूनच कळतं.

ससूनमधून असो वा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून, दिव्यांगत्व प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत फाइलीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या दहावीला (त्यासाठी वय किमान १४ लागतं) लेखनिक किंवा जादा वेळ मागताना हेच प्रमाणपत्र पुढे करावं लागतं. घरातल्या वह्या तिथे कोणी मागत नाही, त्यामुळे त्या भीतीपोटी साठवू नका.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. श्रवणचाचणीच्या छोट्या पट्ट्या आणि औषधांची बिलं बहुधा थर्मल कागदावर असतात. लॅमिनेशनच्या उष्णतेने ती काळी पडतात, आणि तशीच ठेवली तर काही वर्षांत कोरी होतात. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा. पिना काढून टाका, पुण्याच्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि डाग थेट अक्षरांवर उतरतो.

आता वह्या. एका कौशल्याचे वर्षाला चार नमुने पुरेत: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा: तारीख, किती वेळ लागला, आणि कशी मदत लागली. उदाहरणार्थ, ‘१२ जून. १० पैकी ६ बेरजा बरोबर. ९ मिनिटं. पहिल्या दोन हात धरून, बाकी खुणेने.’ हात धरून, खुणेने, तोंडी सांगून, आपणहून: हे चारच शब्द ठरवा आणि वर्षभर तेच वापरा. ही नोंद नसेल तर पान फसवतं. हात धरून काढलेला ‘क’ सुबक दिसतो, आपणहून काढलेला वाकडा आणि रेघेबाहेर. ठेवायचा तो वाकडाच, कारण तो पूर्णपणे त्याचा आहे.

कागदावर न उतरणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे शर्टाची बटणं लावणं किंवा दुकानात पैसे देणं, एक मिनिटाचा व्हिडिओ त्याच चार महिन्यांत घ्या. जागा आणि कोन दर वेळी तोच ठेवा. फाइलीचं नाव तारखेने सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मात्र साठवू नका, तिचा दर्जा उतरतो आणि मूळ तारीखही हरवते.

वर्तनाच्या रोजच्या नोंदींचा महिन्याला एक पान गोषवारा काढला की त्या रद्दीत द्यायला हरकत नाही. अपवाद एकच, फिट्स आणि औषधबदलांची डायरी. ती कधीही टाकू नका. झटका किती मिनिटं टिकला, औषध किती मिलिग्रॅम होतं आणि तेव्हा वजन किती किलो होतं, तिन्ही एकत्र हवं. मुलांचा डोस बहुधा वजनावर ठरतो, त्यामुळे वजनाशिवाय जुना आकडा डॉक्टरांच्या फारसा कामाचा नाही.

रद्दीवाल्याला देण्याआधी नाव, फोन आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक असलेली पानं फाडून घ्या.

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे. ती १८ची झाल्यावर कोणते कागद लागतील?

उत्तर: १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि तुमची ओळखपत्रं आतापासून एका फाइलीत ठेवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच तपासा. अर्ज बऱ्याचदा तिथेच अडकतो. सोबत तिच्या निवडीच्या नोंदीही ठेवा: काय आवडतं, ‘नको’ कसं सांगते, कोणते निर्णय स्वतः घेते. तिचे निर्णय दुसऱ्याने किती घ्यायचे हे ठरताना तिची बाजू मांडायला त्याच उपयोगी पडतील.

प्रश्न: नातू ढीगभर चित्रं काढतो, कणकेची खेळणी करतो आणि एकही टाकू देत नाही. तो झोपल्यावर थोडं थोडं काढून टाकू का? (एक आजी, सदाशिव पेठ)

उत्तर: नको, आजी. एकदा वस्तू नाहीशी झाली की तो पुढची प्रत्येक लपवून ठेवेल. झाकणाचा एक डबा त्याच्या नावाचा करा. डबा भरला की दोन चित्रं समोर धरा आणि ‘यातलं कोणतं डब्यात ठेवू?’ एवढंच विचारा. ‘कोणतं टाकू?’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. दुसऱ्या चित्राचा फोटो त्याच्यासमोर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा आणि त्याला दाखवा. त्या दिवशी तो तयार नसेल तर ते चित्र पिशवीत ठेवा आणि महिन्याने पुन्हा विचारा.

मीठ घातलेली कणीक पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते, मुंग्या लागतात. तिचा फोटोच टिकेल. शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. मेणखडूची चित्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवू नका, उन्हाळ्यात मेण प्लॅस्टिकला चिकटतं आणि रंग उचलला जातो. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला. आणि मागे त्याने चित्राला दिलेलं नाव त्याच्याच शब्दांत लिहा, ‘गाडी’ऐवजी तो ‘घुर्र’ म्हणाला असेल तर ‘घुर्र’च.