बॉनेटखालचे ॲल्युमिनियमचे भाग मुंबईत पांढुरके पडतात, घरी चमकवता येतील का?

येतील. फक्त मेहनतीची तयारी हवी. तो पांढरा थर म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. समुद्राची खारी, दमट हवा आणि पावसाळा, त्यामुळे तो आपल्याकडे लवकर चढतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) झाका. सुटा होणारा भाग काढूनच घासा. आधी डिग्रीझरने तेलकटपणा घालवा. कॉस्टिक सोड्याचा क्लीनर मात्र चुकूनही नको, तो ॲल्युमिनियमच खातो.

खरं काम वॉटर पेपरचं, म्हणजे ओला करून वापरायच्या सँडपेपरचं. ४०० नंबरपासून ६००, ८००, १०००, १५०० असं चढत जा. पेपर सतत ओला ठेवा आणि प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. इथे घाई केली की शेवटी पॉलिश लावल्यावर तेच ओरखडे उठून दिसतात. मग मेटल पॉलिश आणि मऊ सुती कापड, किंवा ड्रिलला बफ (पॉलिश करायचं मऊ चाक). पेपर, बफ हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात आणि गंजतात.

गॅस्केट (दोन भागांमधलं सील) बसते ती बाजू आणि रेडिएटरच्या जाळीला हात लावू नका. ॲनोडाइज केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने संरक्षक थर चढवलेला भागही सोडा, घासलं की त्याचं संरक्षणच जातं.

चमक टिकवायला उष्णता सोसणारा क्लिअर कोट मारा, नाहीतर अधूनमधून पॉलिशचा हात फिरवत राहावं लागेल. मला दुसरा पर्याय आवडतो, कारण कोट उखडला की सगळं पुन्हा घासावं लागतं.