वाचक विचारतात: तीर्थन खोऱ्यातला मुक्काम, देवळं आणि सिड्डू

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. हिमाचलात नदीकाठी पाच दिवस निवांत राहायचंय, गर्दी नकोय. तीर्थन खोऱ्याचं नाव ऐकलं. एवढ्या लांब जातोच आहोत तर मनालीही उरकावं का? (ठाणे)

उरकू नका. पाच दिवसांत मनाली घातलीत तर त्यातले दोन गाडीत जातील आणि निवांतपणा तिथेच संपेल.

दिल्लीहून रात्रीची मनालीची बस घ्या, पण उतरा औटला, मोठ्या बोगद्याच्या अलीकडे. वाहकाला चढतानाच सांगून ठेवा. पहाटे झोपेत बोगदा पार झाला की उलटं यावं लागतं. चंडीगढहून टॅक्सीने सहा-सात तास धरा. औटहून लारजीमार्गे बंजार आणि तिथून साधारण दहा किलोमीटरवर गुशैनी. मुक्काम गुशैनीत किंवा अलीकडच्या नागिणी गावात करा. जवळचं जिभी गाव आता चांगलंच गजबजलंय. खोली ठरवताना एकच प्रश्न नेमका विचारा : रस्त्यापासून खोलीपर्यंत कसं यायचं? काही घरं नदीपलीकडे आहेत आणि सामान झुल्यातून किंवा लाकडी साकवावरून न्यावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हे आधी कळलेलं बरं.

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्ट टाळाच. २०२३च्या जुलैत कुल्लू जिल्ह्यात रस्ते आणि पूल वाहून गेले होते.

एक दिवस जालोरी खिंडीसाठी ठेवा, पण पहिलाच नको. गुशैनी सुमारे १६०० मीटरवर, तर खिंड ३१०० मीटरच्या आसपास. शरीराला दोन दिवस रुळू द्या. वाटेतल्या शोजा गावाच्या पुढचा चढ इतका उभा आहे की लहान गाडी भरून नेली तर क्लचचा वास येतो. हिवाळ्यात बर्फामुळे खिंड बंद असते.

प्रश्न : बंजारचे शृंगऋषी म्हणजे रामायणातलेच का? देवळात काय पाळावं? (नागपूर)

तेच. विभांडकाचे पुत्र ऋष्यशृंग. अरण्यात वाढलेले, अंगदेशात पाऊल ठेवताच पाऊस पाडणारे, शांतेचे पती आणि दशरथासाठी पुत्रकामेष्टी करणारे. कर्नाटकातलं शृंगेरीही त्यांच्याशी नातं सांगतं, त्यामुळे ‘खरं ठिकाण कोणतं’ या वादात न पडलेलं बरं. बंजारच्या लोकांसाठी ते पुराणातले ऋषी नाहीतच. ते हयात मालक आहेत. त्यांचा कारभार ‘कारदार’ पाहतो, त्यांचं म्हणणं ‘गूर’ अंगात येऊन सांगतो. तळकोकणातला अवसर पाहिलेल्यांना हे परकं वाटणार नाही. कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी, विजयादशमीला, सुरू होतो आणि सात दिवस चालतो. तिथे रघुनाथजींच्या रथाच्या उजव्या हाताला कोणी चालायचं यावरून शृंगऋषी आणि बालू नाग या दोन देवांचा जुना वाद आहे. देवांच्या मानपानापायी पोलीस बंदोबस्त लागतो, यावरून काय ते समजा.

देऊळ बागी गावात आहे. तिथून वर चढून गेलात की चेहणी कोठी : दगडाचा थर, देवदाराची तुळई, पुन्हा दगड, असा चुन्यामातीशिवाय रचलेला उंच मनोरा. या पद्धतीला काठकुणी म्हणतात. लाकूड भूकंपाचा हिसका झेलतं आणि दगड त्याला जागेवर दाबून ठेवतो. १९०५च्या कांगडा भूकंपात वरचे मजले गेले, बाकी उभं राहिलं. वर जायला खाचा पाडलेल्या ओंडक्याचा जिना दिसेल. त्यावर चढू नका, पाहुण्यांना आत मज्जाव आहे.

चामड्याचा पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवा. देवाचा रथ किंवा पालखी दिसली तर हात लावू नका, फोटो विचारून काढा.

जालोरीहून पाचेक किलोमीटर चालत सेरोलसर तळं आहे, वाट खरसूच्या (एक प्रकारचा ओक) जंगलातून आणि बरीचशी सपाट. काठी बूढी नागिणीचं देऊळ, नागदेवतांची आई. तिला तूप वाहतात. तळ्यात पडलेलं पान आभी नावाचा पक्षी उचलून नेतो, अशी श्रद्धा. आपण निदान वेष्टणं टाकू नयेत.

प्रश्न : नातवंडं सोबत आहेत. नदीत उतरू द्यावं का? (सांगली)

काठावर पाय बुडवण्यापुरतं, तेही सकाळी. मे-जूनमध्ये ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढतं. सकाळी कोरडा असलेला दगड चारला पाण्यात असतो. गोटे शेवाळलेले, पाणी इतकं गार की काही मिनिटांत पाय बधिर होतात आणि मूल तोल सावरू शकत नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत आल्या, तर वर कुठेतरी पाऊस झालाय असं समजून लगेच वर या. येता-जाता लारजी धरणाच्या खालच्या बियास नदीत तर कुठेही उतरू नका. २०१४ मध्ये थलौटजवळ हैदराबादचे विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले.

प्रश्न : ट्राउटसाठी गळ टाकता येतो का? (रत्नागिरी)

मत्स्य विभागाचा परवाना काढून, मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ म्हणून बंदी. ताटात येणारा मासा बहुधा शेततळ्यातला असतो.

प्रश्न : तिथे खाल्लेला सिड्डू, म्हणजे सारण भरून वाफवलेला कणकेचा पदार्थ, घरी केला. चिवट झाला, सारण बाहेर आलं. कुठे चुकलं? (चिंचवड)

बहुधा कणीक पोळीसारखी घट्ट मळली असावी. अर्धा किलो कणकेला एक चहाचा चमचा कोरडं यीस्ट, मीठ आणि साधारण ३५० मिली कोमट पाणी. हाताला किंचित चिकटेल इतकी सैल हवी. दुपटीने फुगू द्या : उन्हाळ्यात तास-दीड तास, थंडीत तीन. त्याहून जास्त ठेवली तर आंबटते आणि वाफेत बसते.

सारणाला शंभर ग्रॅम अक्रोड आणि पन्नास ग्रॅम भिजवलेली खसखस, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. खसखशीचं पाणी फडक्यात पिळून काढा; ओलं सारणच शिवण उघडतं. वाटण जाडसर ठेवा. आठ गोळे करून अर्धा इंच जाड थापा, करंजीसारखी घडी घालून कडा दाबा. मग पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि सिड्डू दडस होतो. मोदकपात्रात २०-२५ मिनिटं वाफवा, झाकणाला फडकं बांधा, नाहीतर ठिबकणाऱ्या पाण्याने वरचा भाग गिच्च होतो. कुकर असेल तर झाकणावरची शिट्टी काढून ठेवा. खाताना मधून फोडून त्यात चमचाभर तूप ओता, वरून नव्हे.

उरले तर दुसऱ्या दिवशी जाड काप करून तव्यावर तुपात परता.