८६ हातानेच का रिसेट करायचा?

प्रश्न : आमच्या १३२ केव्ही उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला की ८६ नंबरचा लॉकआउट रिले (ब्रेकर पाडून अडवून ठेवणारं संरक्षक उपकरण) हातानेच रिसेट करावा लागतो. तो आपोआप का होत नाही? – एक शिकाऊ ऑपरेटर

उत्तर : तो मुद्दामच तसा बनवलाय. डिफरन्शियल रिलेने (दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक पाहणारा) किंवा बुखोल्झ रिलेने (दोषामुळे तेलात तयार झालेला वायू पकडणारा) दोष पकडला की ८६ दोन्ही बाजूंचे ब्रेकर ट्रिप करतो आणि ब्रेकर पुन्हा चालू करणारं क्लोजिंग सर्किट तोडून ठेवतो. करंट थांबला तरी आतलं जळालेलं वाइंडिंग तसंच असतं ना! एका पावसाळी रात्री फोनवर फोन येत होते, माझाही हात रिसेटकडे गेला होता. आधी बुखोल्झमधला वायू काढून लांब नेला. काडी दाखवताच पेटला, म्हणजे आत खरंच दोष होता. ट्रान्सफॉर्मर बंदच ठेवला. तेव्हा फ्लॅग (कोणत्या रिलेने काम केलं ते दाखवणारी खूण) वहीत लिहा, टेस्टिंगवाल्यांना बोलवा, मगच रिसेटच्या मुठीला हात लावा.